वजनावरून दर काढताना: पायऱ्यांचं फलन कसं लिहायचं

दिवाळीच्या आधीच्या दिवसांत गिरगाव, दादर, पार्ले, कुठल्याही कुरिअरच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘अहो, दहाच ग्रॅम जास्त आहे!’ काटा ५१० दाखवतो आणि पैसे एक किलोचे लागतात. वाद घालून उपयोग नसतो, कारण रेट कार्ड तसंच लिहिलेलं असतं. वजन ग्रॅमाग्रॅमाने सरकतं. पैसे मात्र एका पायरीवर थांबतात आणि मग एकदम वरच्या पायरीवर उडी मारतात.

गणितात याला पायऱ्यांचं फलन म्हणतात. फलन म्हणजे वजन आत घातलं की रक्कम बाहेर देणारा नियम, एवढंच. घरून फराळ-मसाले पाठवणारे, ऑनलाइन ऑर्डरींसाठी शीट बनवणारे आणि अकरावी-बारावीचा प्रकल्प करणारे, तिघांनाही हा लेख चालेल. सूत्र एका ओळीचं असतं. चुका होतात त्या पायरीच्या काठावर. त्यामुळे इथे काठांबद्दल जास्त बोललं आहे आणि बाकी गोष्टी भराभर उरकल्या आहेत.

आधी जवळ घ्या

- ज्या सेवेचा हिशेब करायचा तिचं पूर्ण रेट कार्ड, खालच्या बारीक अक्षरांतल्या अटींसकट
- काटा, आणि तो किती ग्रॅमच्या टप्प्याने आकडा बदलतो याची माहिती (काट्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं)
- मोजपट्टी किंवा टेप, सेंटिमीटरची
- त्याच सेवेच्या पाच-सहा जुन्या पावत्या, ज्यांवर वजन आणि रक्कम दोन्ही आहेत
- स्प्रेडशीट किंवा आलेखाची वही

पावत्या जपून ठेवा. रेट कार्ड काय म्हणतं हे तुम्हाला समजलं आहे की नाही, ते शेवटी पावतीच सांगते.

१. रेट कार्डातले चार शब्द शोधा

सूत्राला हात लावण्याआधी कार्ड वाचा आणि या जागांवर खूण करा.

‘पर्यंत’: ५०० ग्रॅमपर्यंत म्हणजे ५०० धरून. बरोबर ५०० ग्रॅमचं पार्सल खालच्या पायरीत बसतं.

‘पेक्षा कमी’: इथे ५०० ग्रॅम वरच्या पायरीत जातं. ‘पर्यंत’ आणि ‘पेक्षा कमी’ यांत आलेखावर एका ठिपक्याचा फरक आहे, पण अर्धा किलो, एक किलो अशी गोल वजनंच सगळ्यात जास्त पाठवली जातात, त्यामुळे तो ठिपका रोज भेटतो.

‘किंवा त्याचा भाग’: ‘पुढील प्रत्येक ५०० ग्रॅम किंवा त्याच्या भागाला’ असं लिहिलं असेल तर एक ग्रॅमही पूर्ण ५०० धरला जातो. हे शब्द दिसले की वरचा पूर्णांक (पुढचा पूर्ण आकडा) घ्यायचा, हे पक्कं.

‘किमान’: किमान आकारणी किंवा किमान वजन. ‘किमान १० किलो’ असेल तर ३ किलोचं पार्सलही १० किलोच्या भावाने जातं.

कार्डात यातला शब्दच नसेल, नुसतं ‘०–५००, ५००–१०००’ असं छापलं असेल, तर ५०० नेमकं कुठे धरायचं हे अंदाजाने ठरवू नका. काउंटरवर विचारा किंवा पावतीवरून काढा.

२. सगळं ग्रॅममध्ये आणि पूर्णांकात आणा

किलोचे दशांश हिशेबात ठेवू नका. हे वळण लावण्याचा सल्ला वाटेल, पण कारण अगदी यांत्रिक आहे. संगणक ०.१ हा आकडा ० आणि १ या दोनच अंकांच्या पद्धतीत साठवतो आणि तो तिथे पूर्ण बसत नाही. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. आता दर १०० ग्रॅमच्या पायरीचा असेल, माल ०.२ किलो आणि पॅकिंग ०.१ किलो, तर ही बेरीज ०.१ ने भागून वरचा पूर्णांक घेतल्यावर ३ ऐवजी ४ येतात. गिऱ्हाइकाला एका पायरीचे पैसे जास्त लागतात आणि सूत्र तर बरोबर दिसतं. २०० आणि १०० ग्रॅम लिहिलं की प्रश्नच मिटतो.

काटाही इथेच तपासा. दहा ग्रॅमच्या टप्प्याने चालणारा काटा स्वतःच पायऱ्यांचं फलन आहे: तो जवळचा आकडा दाखवतो, त्यामुळे ५०४ ग्रॅमला ५०० म्हणतो. कुरिअरचा काटा एका ग्रॅमचा असेल तर तिथे ५०४ दिसतात आणि पार्सल पुढच्या पायरीत जातं. तुमचा काटा जेवढ्या टप्प्याचा, किमान तेवढी जागा काठाच्या अलीकडे सोडा. मुंबईच्या पावसाळ्यात थोडी जास्तच, कारण पुठ्ठ्याचा खोका हवेतली ओल धरतो आणि जड होतो.

३. सारख्या रुंदीच्या पायऱ्या: एका ओळीचं सूत्र

सुरुवात साध्या पत्रापासून करा. भारतीय टपालाचा दर पहिल्या २० ग्रॅमना ५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक २० ग्रॅम किंवा त्याच्या भागाला २ रुपये, असा वर्षानुवर्षं चालत आला आहे. वजन ‘व’ ग्रॅम आणि दर ‘द’ रुपये धरला तर:

द(व) = ५ + २ × (⌈व ÷ २०⌉ − १)

⌈ ⌉ ही खूण म्हणजे वरचा पूर्णांक: आतला आकडा पूर्ण नसेल तर पुढच्या पूर्णांकावर न्या, पूर्ण असेल तर तसाच ठेवा. ⌊ ⌋ म्हणजे खालचा पूर्णांक. शाळेत महत्तम पूर्णांक फलनासाठी जो [ ] कंस वापरतात तो गणितज्ञ गाऊसने १८०८ मध्ये आणला. वर-खाली वळलेल्या या दोन खुणा संगणकशास्त्रज्ञ केनेथ आयव्हरसनने १९६२ मध्ये दिल्या. दरांच्या कामाला या दोन खुणाच बऱ्या, चौकोनी कंसात वर की खाली ते डोळ्यांना दिसत नाही.

करून पाहा. पत्र ४७ ग्रॅमचं: ४७ ÷ २० = २.३५, वरचा पूर्णांक ३, म्हणून ५ + २ × २ = ९ रुपये. ६० ग्रॅम: भागाकार बरोबर ३, दर ९. ६१ ग्रॅम: भागाकार ३.०५, वरचा पूर्णांक ४, दर ११.

‘− १’ विसरू नका. पहिली पायरी ५ रुपयांत आधीच मोजली आहे.

आता नेहमीचा सापळा. पुष्कळ जण खालचा पूर्णांक घेऊन ५ + २ × ⌊व ÷ २०⌋ असं लिहितात. ४७ ग्रॅमला हे सूत्र ९ देतं, बरोबर. ३३ ला ७, तेही बरोबर. मग वाटतं झालं. पण २० ग्रॅमला ते ७ देतं, जिथे ५ हवेत, आणि ६० ला ११, जिथे ९ हवेत. पायरीच्या मधली वजनं घेऊन तपासलं तर ही चूक कधीच सापडत नाही.

पायरीचा अंदाज हातालाही यावा म्हणून: ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-४ कागद साधारण ५ ग्रॅमचा असतो. चार कागदांतच २० ग्रॅम भरतात आणि पाकीट धरलं की पत्र सात रुपयांच्या पायरीवर जातं.

कुरिअरचं कार्डही बहुधा याच साच्याचं असतं. पुढच्या उदाहरणांसाठी एक नमुना कार्ड धरू: पहिले ५०० ग्रॅम ६० रुपये, पुढे प्रत्येक ५०० ग्रॅम किंवा भागाला ४० रुपये.

द(व) = ६० + ४० × (⌈व ÷ ५००⌉ − १)

स्प्रेडशीटमध्ये वरच्या पूर्णांकासाठी राउंडअप वापरा आणि दशांशस्थळं शून्य द्या. नुसतं राउंड वापरू नका. ते जवळच्या आकड्यावर जातं आणि ६०० ग्रॅमचं पार्सल ५०० च्या भावात दाखवतं.

४. वर, खाली की जवळ? पैसे कोण घेतंय ते पाहा

पैसे घेणारा वजन मोजत असेल तर वरचा पूर्णांक. कुरिअर, टपाल, किलोवर कपडे धुणारी लाँड्री. पैसे देणारा मोजत असेल तर खालचा: किलोच्या वरचे ग्रॅम सोडून देणारा रद्दीवाला साडेसात किलोची रद्दी सात किलो धरतो. बिलाची शेवटची रक्कम रुपयात आणताना जवळचा. भाजीवाल्याचा काटा थेट रक्कम दाखवत असेल तर तिथे पायऱ्याच नाहीत, सरळ गुणाकार आहे; उगाच पायऱ्या घालू नका.

‘पाव वीस, अर्धा पस्तीस, किलो साठ’ हा भाव मात्र वेगळ्याच जातीचा. त्यात तीनच वजनं आहेत, मधली नाहीतच. पाऊण किलो मागितलं तर पाव अधिक अर्धा, म्हणजे ५५. हे सूत्रात कोंबण्यापेक्षा तीन ओळींचा तक्ता करा.

५. पायऱ्यांची रुंदी वेगवेगळी असेल तर तक्ता करा

स्पीड पोस्टचे १ ऑक्टोबर २०२५ पासूनचे स्थानिक दर पाहा: ५० ग्रॅमपर्यंत १९ रुपये, ५१ ते २५० ग्रॅम २४ रुपये, २५१ ते ५०० ग्रॅम २८ रुपये, वर जीएसटी. पायऱ्यांची रुंदी ५०, २०० आणि २५० ग्रॅम. एका भागाकारात हे बसत नाही. खंडांत लिहा:

द(व) = १९, जर ० < व ≤ ५०
द(व) = २४, जर ५० < व ≤ २५०
द(व) = २८, जर २५० < व ≤ ५००

डावीकडे ‘<’ आणि उजवीकडे ‘≤’, सगळ्या ओळींत सारखं. एखाद्या ओळीत दोन्हीकडे ‘≤’ पडलं तर ५० ग्रॅमला दोन दर होतात आणि ते फलनच राहत नाही. दोन्हीकडे ‘<’ पडलं तर ५० ग्रॅमला दरच नाही.

शीटमध्ये यासाठी सगळे व्हीलुकअप (तक्त्यातून ओळ शोधून देणारं सूत्र) घेतात, आणि इथेच घसरतात. अंदाजे जुळणीत व्हीलुकअप तुमच्या वजनाइतका किंवा त्याहून लहान असा सर्वांत मोठा काठ शोधतं. म्हणजे पहिल्या रकान्यात ०, ५०, २५० लिहिलं तर बरोबर ५० ग्रॅमचं पाकीट २४ रुपयांच्या ओळीत जातं. कार्ड म्हणतं १९. उपाय कार्डाच्या छपाईतच आहे: रकान्यात १, ५१, २५१ लिहा आणि वजन आधी पूर्ण ग्रॅममध्ये वर न्या, म्हणजे ५०.४ ग्रॅम ५१ होतील. एक्सलूकअप (व्हीलुकअपचाच नवा प्रकार) असेल तर वरचे काठ ५०, २५०, ५०० लिहून जुळणीचा प्रकार १ द्या. ते जुळणारा किंवा त्याच्या पुढचा मोठा काठ घेतं.

तक्त्याच्या बाहेरच्या वजनाचं काय, तेही लिहा. ५०१ ग्रॅमला वरचा तक्ता काही सांगत नाही. व्हीलुकअप मात्र निमूटपणे २८ देऊन मोकळं होतं. सर्वांत वरच्या काठापुढे ‘दर तपासा’ असा मजकूर येईल अशी अट घाला.

६. स्लॅब पूर्ण वजनाला की फक्त पुढच्या वजनाला?

घाऊक मालाच्या भावात हा प्रश्न विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नका. समजा मसाल्याचा भाव ६०० रुपये किलो, आणि ‘५ किलो व त्यावर ५४०’. दोन अर्थ निघतात.

पहिला अर्थ: ५ किलो गाठले की सगळ्या वजनाला ५४०. मग ४.८ किलोचे २८८० रुपये आणि ५ किलोचे २७००. जास्त माल, कमी पैसे. ४.५ किलोलाही २७०० च होतात, म्हणजे साडेचार ते पाच किलोंच्या मधलं कुठलंही वजन घेणं तोट्याचं. लालबागच्या मिरची गल्लीत वर्षाचा मसाला करायला जाणाऱ्या बायकांना हे सूत्राशिवाय कळतं. दोन घरं मिळून खरेदी करतात. तुम्ही विकणारे असाल तर शीटमध्ये या पट्ट्यासाठी लहानातली लहान रक्कम घ्या: नेहमीच्या भावाची रक्कम आणि २७००, यांतली कमी ती. नाहीतर ४.८ किलोचं बिल पाहून गिऱ्हाईक भांडणार, आणि त्याचं बरोबरच असेल.

दुसरा अर्थ: पहिल्या ५ किलोंना ६००, पुढच्या वजनालाच ५४०. सात किलोचे ३००० + १०८० = ४०८०. पहिल्या अर्थाने हेच ३७८० होतात. वीजबिलातले ०–१००, १०१–३०० युनिटांचे स्लॅब या दुसऱ्या पद्धतीचे. इथे एक बारकावा: प्रति किलो भाव पायऱ्यांचा आहे, पण एकूण रक्कम नाही. तिचा आलेख तिरका चढतो आणि काठावर फक्त उतार बदलतो. प्रकल्पात याला पायऱ्यांचं फलन म्हटलंत तर गुण जातील.

कुरिअरमध्येही पहिल्या अर्थाची घसरण दिसते. आपल्या नमुना कार्डात ‘५ किलोच्या वर ६५ रुपये किलो, किलोच्या भागाला पूर्ण किलो’ अशी ओळ जोडली, तर ५ किलोचे ४२० होतात आणि ५.१ किलोचे सहा किलो धरून ३९०. अशा कार्डाशी गाठ पडली तर दोन्ही दर काढून कमी येणारा घ्यायची सोय ठेवा, पण कुरिअरवाला तो मान्य करतो का, ते आधी विचारून घ्या.

७. खोक्याचं वजन: व्हॉल्युमेट्रिक हिशेब

हलका पण मोठा माल, म्हणजे चिवडा, कुरड्या, आकाशकंदील, यांना काट्याचं वजन लागू होत नाही. बहुतेक कुरिअर लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५००० ने भागतात आणि येईल ते किलो. काहींचा भाजक वेगळा असतो, म्हणून तो सूत्रात न लिहिता शीटच्या एका वेगळ्या घरात ठेवा.

देय वजन = काट्याचं वजन आणि व्हॉल्युमेट्रिक वजन यांतलं मोठं

आधी मोठं निवडा, मग पायरी लावा.

चिवड्याचं पार्सल काट्यावर १२०० ग्रॅम, खोका ३० × २५ × २०. गुणाकार १५०००, म्हणून ३ किलो. नमुना कार्डाने काट्यावरचे १४० रुपये, खोक्यावरचे २६०. आता खोका ठासून भरला आणि तिन्ही बाजूंनी सेंटिमीटरभर फुगला: ३१ × २६ × २१ = १६९२६, म्हणजे ३३८६ ग्रॅम, सात पायऱ्या, ३०० रुपये. फुगवट्याचे चाळीस रुपये. हाच चिवडा २५ × २० × १४ च्या खोक्यात मावला तर व्हॉल्युमेट्रिक १४०० ग्रॅम, आणि रक्कम पुन्हा १४०. माप नेहमी सेलोटेप लावून झाल्यावर, सर्वांत फुगलेल्या जागी घ्या. कुरिअरवाला तिथेच घेतो.

८. अधिभार आणि कर, क्रमाने

इंधन अधिभार टक्क्यात असतो आणि मूळ दरावर लागतो. कुरिअर सेवेवरचा १८ टक्के जीएसटी मूळ दर आणि अधिभार यांच्या बेरजेवर. मूळ १०० आणि अधिभार २० टक्के धरला तर १२०, त्यावर २१.६०, एकूण १४१.६०. दोन्ही टक्के मुळावरच लावले तर १३८ येतात आणि पावतीशी जुळत नाहीत. रुपयात पूर्णांक करायचा तो अगदी शेवटी, एकदाच.

९. फलन एकेका पार्सलाला लावा

दिवसाच्या चाळीस पार्सलांचं वजन बेरीज करून एकदाच सूत्रात घालण्याचा मोह होतो. तीनशे ग्रॅमची ४० पार्सलं: प्रत्येकी ६०, म्हणजे २४०० रुपये. बेरीज १२ किलो सूत्रात घातली तर ६० + ४० × २३ = ९८०. सरासरी वजनावरून खर्च काढणंही तितकंच फसवं, कारण काठाच्या दोन्ही बाजूंची पार्सलं सरासरीत एकमेकांना पुसून टाकतात. शीटमध्ये पार्सलाला एक ओळ, रकमांची बेरीज खाली.

१०. आलेख काढा

आडव्या अक्षावर वजन, उभ्यावर रक्कम. ‘पर्यंत’च्या कार्डात प्रत्येक पायरीच्या डाव्या टोकाला पोकळ ठिपका आणि उजव्या टोकाला भरीव. दोन पायऱ्यांना जोडणारी उभी रेघ मारू नका, कारण तिथे एका वजनाला अनेक दर होतील. स्प्रेडशीटचा लाइन चार्ट तर तिरकी रेघ मारून ठेवतो. स्कॅटर चार्ट घ्या, पायरीगणिक वेगळी मालिका करा. जिओजेब्रा या आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये सूत्र तसंच टाकता येतं, ठिपके मात्र हाताने घालावे लागतात.

आलेखाचा धंद्यातला उपयोग म्हणजे पायरीवर उरलेली जागा दिसते. चकली ५०० ग्रॅम आणि खोका १४० ग्रॅम, एकूण ६४०. नमुना कार्डावर हे १०० रुपयांच्या पायरीत आहे आणि १००० पर्यंत ३६० ग्रॅम रिकामे. पाव किलो शंकरपाळी त्याच भाड्यात जाते. उलट माल ३५० ग्रॅमचा ठेवला तर खोक्यासकट ४९०, भाडं ६०. मात्र तिथे काठ दहाच ग्रॅमवर आहे, आणि काट्याबद्दल वर काय लिहिलंय ते आठवा.

११. काठांवर तपासा

प्रत्येक काठासाठी तीन वजनं घ्या: एक ग्रॅम कमी, नेमका काठ, एक ग्रॅम जास्त. नमुना कार्डाची उत्तरं अशी यायला हवीत:

- १ ग्रॅम: ६०
- ४९९ ग्रॅम: ६०
- ५०० ग्रॅम: ६०
- ५०१ ग्रॅम: १००
- १००० ग्रॅम: १००
- १००१ ग्रॅम: १४०
- ५००० ग्रॅम: ४२०

शून्य घालून पाहा. सूत्र २० रुपये देतं, ज्याला काही अर्थ नाही. वजनाचं घर रिकामं राहिलं की शीटमध्ये नेमकं हेच वीस रुपये बेरजेत घुसतात. वजन शून्य किंवा रिकामं असेल तर रक्कमही रिकामी, अशी अट टाका.

मग जुन्या पावत्या काढा आणि एकेक वजन घालून पाहा. सगळ्या पावत्या सारख्याच टक्क्यांनी चुकत असतील तर कर किंवा अधिभाराचा क्रम चुकलाय. फक्त गोल वजनांच्या चुकत असतील तर काठ. मोठ्या खोक्यांच्या चुकत असतील तर भाजक. आणि एखादीच चुकत असेल, तर आधी तिची तारीख बघा. ती जुन्या रेट कार्डाची निघते. म्हणून शीटच्या वरच्या कोपऱ्यात कार्ड कुठल्या तारखेपासूनचं आहे ते लिहून ठेवा, आणि नवं कार्ड आलं की जुन्या तक्त्यावर आकडे न खोडता शेजारी नवा तक्ता करा.